गॅसच्या बॉक्स सेटबद्दल, सविस्तर

प्रिय मित्रा,

तू विचारलंस, "सगळे ट्रॅक आधीपासून आपल्याकडे आहेत, मग हा बॉक्स सेट घेऊन नवीन काय मिळालं?" फोनवर दोन वाक्यांत सांगून भागणार नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

जर्मन संगीतकार व्होल्फगांग फोक्टचा 'बॉक्स' हा संच कोम्पाक्ट या जर्मनीतल्या कलोन शहरातल्या रेकॉर्ड कंपनीने 2016 मध्ये काढला. दहा रेकॉर्ड, चार सीडी आणि त्याने स्वतः काढलेल्या जंगलाच्या फोटोंचं पुस्तक. 'गॅस' या नावाने त्याने केलेले 'त्साउबरबेर्ग' (1997), 'क्योनिग्सफोर्स्ट' आणि 'पॉप' (2000) हे तीन अल्बम त्यात आहेत, शिवाय 1999 चा 'ऑक्टेम्बर' हा ईपी, म्हणजे छोटा अल्बम. 1996 चा पहिला अल्बम, ज्याचं नावच 'गॅस', तो मात्र यात नाही. तो 2008 च्या 'नाह उंड फेर्न' या चार सीडींच्या संचात होता. आधी मला त्याची चुटपुट लागली. पण तीन अल्बम सलग ऐकल्यावर वाटलं की तो वगळणंच बरोबर आहे. पहिल्या अल्बममध्ये छान, मोकळा, तरंगता आवाज आहे, पण जंगल अजून उगवलेलं नाही. ते 'त्साउबरबेर्ग'पासून सुरू होतं.

मूळ अल्बम फ्रँकफर्टच्या मिल प्लाटो या रेकॉर्ड कंपनीने काढले होते. 2004 मध्ये त्यांचा वितरक बुडाला, त्यांचाही डोलारा कोसळला आणि या सीडी बाजारातून गायब झाल्या. इतकी वर्षं आपण हे संगीत तुकड्यातुकड्यांनी, कुणाकुणाच्या फाइल्समधून ऐकलं. ट्रॅकना नावं नाहीत, नुसते आकडे. फाइल्सचा क्रम एकदा विस्कटला की कुठला तुकडा कुठल्या अल्बमचा हे कळायला मार्गच नसतो. आपण याला 'ॲम्बियंट', म्हणजे ठेक्याशिवायचं, नुसतं वातावरण तयार करणारं संगीत, म्हणून मोकळे झालो, त्याचं हेच कारण असावं असं मला आता वाटतं.

कारण हे टेक्नोच आहे, म्हणजे एकसारख्या ठोक्यावर चालणारं, क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, अगदी ठाम टेक्नो. फोक्ट कलोनचा. माइक इंक, स्टुडिओ 1, लव्ह इंक अशा कितीतरी नावांनी त्याने डान्स फ्लोअरसाठी रेकॉर्ड केल्या, आणि मिखाएल मायर, युर्गन पापे वगैरेंबरोबर कोम्पाक्ट उभी करणाराही तोच. असा माणूस चार मात्रांची किक, म्हणजे दर मात्रेला पडणारा ढोलाचा जड ठोका, कशी सोडेल? त्याने ती सोडली नाही, लांब नेली. वरच्या फ्रिक्वेन्सी छाटल्या, ठोक्याची धार काढली आणि तो धुक्यामागे ठेवला. शेजारच्या इमारतीत पार्टी चालू असावी आणि भिंतीतून फक्त धप् धप् पोचावं, तसा तो येतो. मोठ्या स्पीकरवर ऐकलंस तर छातीत आधी जाणवतो, कानाला नंतर कळतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर तो जवळजवळ नाहीसाच होतो. मग उरतं ते नुसतं धुकं आणि आपण म्हणतो, झोपताना लावायला बरं आहे.

त्या धुक्याबद्दल तर मला तासभर बोलायचंय. ते सिंथेसायझरचं नाही. वाग्नर, शोनबर्ग अशा अभिजात पाश्चात्त्य संगीतकारांच्या जुन्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगमधले तुकडे घेऊन, ताणून, एकावर एक रचून, त्यांचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे, करून ते बनवलंय. चाल ओळखू येईल इतकं काही शिल्लक ठेवलेलं नाही. उरलाय तो तंतुवाद्यांचा घनदाट पोत, मधूनच फुंकवाद्यांचा एखादा हुंकार आणि जुन्या रेकॉर्डची खरखर. जर्मन माणसाने, युद्धानंतर जन्मलेल्या पिढीतल्या माणसाने, वाग्नर आणि जंगल ही दोन्ही हातात घ्यावीत ही साधी गोष्ट नाही. नाझींनी दोन्ही वापरून इतकी डागाळली होती की त्या पिढीला त्यांच्याजवळ जायचाच संकोच होता. फोक्टने ती टाकली नाहीत आणि मिरवलीही नाहीत. त्यांतला आवेश काढून घेतला, नाद ठेवला आणि खाली क्लबचा ठोका दिला. जंगल डिस्कोत आणायचं किंवा डिस्को जंगलात न्यायचा, अशा अर्थाचं त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. क्योनिग्सफोर्स्ट हे कलोनच्या पूर्वेला असलेलं खरंखुरं जंगल, तो लहानपणापासून तिथे हिंडलेला.

आता क्रमाबद्दल, कारण माझ्या मते बॉक्सचा खरा ऐवज तोच आहे. 'त्साउबरबेर्ग'चं कव्हर काळपट लाल, आणि अल्बमही तसाच रात्रीचा. पहिला आणि शेवटचा ट्रॅक बिनठेक्याचे. आत शिरलास की किक सुरू, बाहेर पडलास की बंद. मधल्या भागात मला खरोखर भीती वाटते. 'क्योनिग्सफोर्स्ट' सोनेरी-नारिंगी, झाडांतून ऊन उतरल्यासारखा. त्यातला पाचवा ट्रॅक माझ्यासाठी या सगळ्या संचाचं शिखर आहे. तोच तो भव्य लूप पुन्हा पुन्हा येत राहतो. बदलत काहीच नाही, पण दर फेरीला मी थोडा आणखी आत गेलेला असतो. 'पॉप' हिरवागार. इथे धुकं विरलंय, स्वर स्वच्छ झालेत, पाण्यासारखं काहीतरी झुळझुळतं, आणि बराच वेळ ठेक्याची गरजच भासत नाही. मग शेवटच्या, जवळजवळ पंधरा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये किक पुन्हा पूर्ण जोराने येते. 'पॉप' एकटा ऐकताना मला ती नेहमी उपरी वाटायची. 'त्साउबरबेर्ग'पासून चालत आल्यावर ती तिथे येणं अटळ वाटतं. हे मला फाइल्समधून कधीच कळलं नसतं.

'ऑक्टेम्बर'बद्दल फार लिहीत नाही; चांगला आहे, पण त्या तिघांच्या शेजारी छोटा वाटतो. पुस्तक मात्र जरूर बघ. जंगलाचे फोटो एकमेकांवर चढवून, रंग बदलून केलेत, म्हणजे आवाजाशी जे केलं तेच डोळ्यांसाठी.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, मिळालं. बॉक्स मी तुला पाठवतोय, घाई न करता ठेवून घे. एकच अट आहे, हेडफोनवर नको, मोठ्या स्पीकरवर ऐक, आणि 'त्साउबरबेर्ग'पासूनच सुरुवात कर. क्योनिग्सफोर्स्टचा पाचवा ट्रॅक तुला कंटाळवाणा वाटला तर तसंच स्पष्ट लिही, मला त्यावर तुझ्याशी भांडायचंय.

तुझाच,
मी