मी तुझ्याबरोबर धावणार नाही

सहकारनगर, पुणे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ‘बघू’ म्हटलं, कारण शेजारी बाबा बसले होते आणि ते अशा वेळी न ऐकताच तुझी बाजू घेतात. आता नीट लिहून सांगते. जानेवारीत मुंबईला मॅरेथॉनमध्ये मी तुझ्याबरोबर धावणार नाही. मी पाच तासांची बस घेतली आहे आणि ती मी सोडणार नाही. तू रुसणार हे गृहीत धरलंय. रुसून झालं की पुढचं वाच.

बस म्हणजे पेसरच्या, ठरलेल्या वेळेत पोचवणारा वेग धरून पुढे धावणाऱ्याच्या, मागे धावणारा घोळका, हे तुला माहीत आहे. त्यात पेसर म्हणून माझं काम काय असतं ते मात्र तुला माहीत नसावं, कारण ‘तू तर हळूच धावतेस, मग माझ्याबरोबर थोडं फास्ट चल’ असं तू अगदी सहज म्हणालास. पाच तास म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद. पण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर मोजलेले असतात ते रस्त्याच्या सगळ्यात जवळच्या रेषेने. गर्दीतून वाट काढत नागमोडी धावणाऱ्याच्या घड्याळात ते साडेबेचाळीसच्या वर भरतात. म्हणून मी सातच्या आसपास धरते. पाण्याच्या टेबलापाशी खोळंबा होतो, तिथे गेलेले सेकंद पुढच्याच किलोमीटरला वसूल करायचे नाहीत. चार-पाच किलोमीटरवर पसरायचे, नाहीतर मागची माणसं फुटतात. चढाला वेग सोडायचा, दम सारखा ठेवायचा. आणि हे सगळं करताना तोंड चालू ठेवायचं, कारण तिसाव्या किलोमीटरनंतर माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती शांततेची. त्या दिवशी मी गाणी म्हणते, भेंड्या लावते, कोणाच्या सुनेची तक्रार ऐकून घेते. हे हळू धावणं नाही रे, हे मोजून धावणं आहे.

तुझी आत्या याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. म्हणू दे. २०१९ मध्ये व्हिएन्नात एलिउड किपचोगेने १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, तेव्हा त्याच्या पुढे-मागे आळीपाळीने ४१ पेसर धावत होते, आणि त्यांत ऑलिंपिक पदकं मिळवलेली माणसं होती. त्यांनाही भाकऱ्याच भाजायला बोलावलं होतं. बाबांना मात्र पॉल पिल्किंग्टनची गोष्ट जास्त आवडते. १९९४ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये त्याला नुसता सुरुवातीचा वेग धरायला ठेवलं होतं, पण मागून कोणी आलंच नाही, म्हणून तो धावत राहिला आणि शर्यत जिंकून बसला. मला तसला धोका नाही. पाच तासांच्या बसने शर्यत जिंकायची वेळ आली तर पुढे काहीतरी भयंकर घडलेलं असेल.

आता खरं कारण. माझ्या बसमध्ये कोण असतं बघ. बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायका. कोणी पोळ्या लाटून, डबे भरून आलेली, कोणी सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवून. यांच्यापैकी एकीनेही पहाटे साडेचारला एकटीने सिंहगड रोडला धावायची हिंमत केली नसती. त्या येतात कारण दुसऱ्या येतात. राजाराम पुलापासून विठ्ठलवाडीपर्यंत रस्त्यावर आम्ही आणि कुत्री, एवढेच असतो. कुत्री अंगावर आली की पळायचं नाही, थांबायचं, चालायचं, हेसुद्धा आम्ही एकमेकींकडून शिकलो. चार तासांच्या बसमधल्या मुलाची बस चुकली तर तो साडेचारची पकडतो. आमच्या मागे ज्या बस असतात त्या फार थोड्या, आणि पाच तास हुकले की आमच्यातल्या पुष्कळ जणी मनातून शर्यत तिथेच सोडून देतात. म्हणून ही बस वेळेवर पोचवायची.

मी जन्मले तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन नव्हतीच. पुण्याची मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा हे अंतर धावल्या. त्याआधी १९६७ मध्ये बॉस्टनला कॅथरीन स्वित्झरने आद्याक्षरं घालून नोंदणी केली होती. ती धावत असताना स्पर्धेच्या एका अधिकाऱ्याने तिला धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला, तो फोटो तू पाहिला असशील. सगळे त्यात तिच्याकडे बघतात. मी तिच्या मित्राकडे बघते, ज्याने त्या अधिकाऱ्याला खांद्याने उडवून लावलं आणि मग पुन्हा धावायला लागला. असा एक जण बाजूला असला की काम होतं.

आता हेही सांगते की बस कोणासाठी थांबत नाही. गेल्या वर्षी हाजी अलीच्या अलीकडे आमच्यातल्या एकीच्या पोटरीत गोळा आला. पहिलीच मॅरेथॉन तिची. पोटरी दगडासारखी घट्ट, पावलाची बोटं आपोआप खाली वळलेली, आणि ती दुभाजकाला धरून उभी. आमच्या ग्रुपमधले एक काका तिच्याजवळ थांबले. टाच जमिनीला टेकवून बोटं वर ओढली, मीठ लावलेली संत्र्याची फोड तोंडात दिली, आणि ‘त्या पुढच्या खांबापर्यंत चालायचं, मग एक खांब धावायचं’ असं करत तिला शेवटपर्यंत आणलं. त्यांची स्वतःची साडेचारच्या आतली तयारी होती, ती त्यांनी आदल्या आठवड्यातच सोडून दिली होती, मागे राहणाऱ्यांसाठी. मी वळून पाहिलं आणि पुढे गेले. माझ्या मागे तीसेक माणसं होती. ती बाई माझ्याशी पुढे बरेच दिवस तुटक बोलली. मग एका रविवारी सारसबागेपाशी पाण्याची बाटली घेऊन हजर. या खेपेला पुन्हा माझ्याच बसमध्ये आहे.

तू ज्याला सपोर्ट म्हणतोस तो असा असतो, बहुतेक वेळा फार गोड नसतो. त्यातला सगळ्यात मोठा भाग तुझ्या बाबांचा. रविवारी मोठं अंतर असलं की आम्ही सारसबागेहून निघून खडकवासल्याला जाऊन परत येतो. बाबा साडेपाचला स्कूटर काढतात. पायाशी पाण्याचा जार, डिकीत कोकम सरबताच्या बाटल्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि डबाभर उकडलेले छोटे बटाटे, तिखट-मीठ न विसरता. धायरी फाट्याच्या पुढे उभे राहतात, मग किरकटवाडीला, मग धरणापाशी. कोणाला काय लागतं हे त्यांना पाठ आहे. स्वतः मात्र गेटपर्यंतसुद्धा धावत नाहीत. परत येताना रस्त्यावर पडलेले आमचे ग्लासही उचलून आणतात, कारण रस्ता आपल्या बापाचा नाही असं त्यांचं म्हणणं आहे. काही मोठ्या स्पर्धांनंतर रस्त्याची जी दशा होते ती बघून मला त्यांचं पटतं. पदक गळ्यात घालून फोटो काढणाऱ्यांनी आधी स्वतःच्या बाटल्या शोधाव्यात.

आता तुझं. चार तास हे तू डोक्यातून काढ. तुझी अर्धी मॅरेथॉन झाली २ तास ५ मिनिटांत. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं जुनं गणित आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडा जास्त, साधारण २.०८५ पट होतो. म्हणजे तुझे झाले ४ तास २० मिनिटं, तेही तयारी पूर्ण असली तर. तू बंगळुरूच्या थंड हवेत धावतोस. मुंबईला हवा दमट, घाम निघतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. साडेचारची बस पकड. चार तासांसाठी किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. तो वेग तू सुरुवातीचे काही किलोमीटर हसत-हसत धरशील, हेच तर वाईट आहे. जोरात धावलं की शरीर साखर जास्त जाळतं, आणि स्नायूंत व यकृतात साठलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. मग पाय आपले राहत नाहीत. घाटात बोर्ड असतो ना, ‘अति घाई संकटात नेई’, तो बोर्ड मॅरेथॉनच्या स्टार्टलाही लावायला हवा.

तुझ्या ॲपवर मला दिसतं की तू रोजचं धावणं सगळं एकाच वेगाने करतोस, धापा टाकत. ते थांबव. आठवड्यातलं बहुतेक धावणं असं हवं की बाजूच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बाजूला कोणी नाही हीच तुझी अडचण आहे. कानात ती इअरफोनची बोंडं घालून एकटाच पळतोस. तिथे कब्बन पार्कात रविवारी इतके लोक धावतात म्हणे, जाऊन एखाद्या टोळक्याच्या मागे लाग की. पहिल्या दिवशी कोणी विचारणार नाही, तिसऱ्या दिवशी कोणीतरी चहाला थांबवेल. ॲप तुला वेग सांगतं. तुझं पाऊल वाकडं पडतंय, आज तू उगाच ओढतोयस, हे माणूस सांगतो. तळजाईच्या टेकडीवर मला एका आजोबांनी मागून हाक मारून खांदे खाली सोडायला लावले होते, त्यानंतर माझी मानेची दुखणी गेली.

डिसेंबरअखेर एक मोठं अंतर कर, तीस-बत्तीसपर्यंत, त्याहून जास्त नको. नंतरचे दोन-तीन आठवडे अंतर उतरवत आण. त्या दिवसांत पाय शिवशिवतील, उगाच कुठेतरी दुखतंय असं वाटेल, आणि तुला वाटेल तयारी वाया चालली. काही वाया जात नाही, शरीर डागडुजी करत असतं. त्या काळात ऐनवेळी एखादं लांब पळून येणारे हुशार लोक मी बरेच पाहिलेत, त्यांना मग स्टार्टला लंगडताना पाहिलं. शर्यतीच्या दिवशी पाणी तहान लागली की प्यायचं, प्रत्येक टेबलावर ढोसायचं नाही. नुसतं पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि ते तहानेपेक्षा वाईट. वेदनाशामक गोळी आधी घ्यायची नाही, कोणी कितीही सांगो, मूत्रपिंडाला ते सोसत नाही. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथल्या तिथे बाहेर. तिथे शूरपणा नको.

बूट नवे घेऊ नकोस. कार्बन प्लेटचे ते महाग बूट तुझ्या मित्राने घेतलेत म्हणून तुलाही हवेत, पण तुझ्या वेगाला ते काय देणार आहेत ते मला दिसत नाही. आत्ताचे आहेत तेच वापर. पायाची नखं आठवडाभर आधी काप, आदल्या रात्री नाही. काखेत, मांड्यांना आणि छातीला व्हॅसलीन लाव. हे आईने लिहावं का असा विचार तू करत असशील, पण बनियनवर रक्ताचे दोन डाग घेऊन आलेला मुलगा मी पाहिलाय, त्याच्या आईने सांगितलं नव्हतं.

रस्त्यात आपण समोरासमोर आलो तर हाक मारू नकोस. मी मोजत असते. हात दाखव, मी बघेन.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला स्वतःच जावं लागतं, ओळखपत्र बरोबर ठेव. आम्ही शुक्रवारी सकाळी डेक्कन क्वीनने येतोय, तू शनिवारी दुपारपर्यंत पोच. संध्याकाळी बाहेर कुठे काही चमचमीत खायचं ठरवू नकोस. बाबा घरून पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी आणणार आहेत, तुझ्यासाठी आणि माझ्या बसमधल्या आणखी आठ-दहा जणींसाठी.

तुझी,
आई