सॉफ्टवेअरचाही कार्यभार लेखी सोपवावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सहकारी संस्थांच्या संगणकीकरणाची चर्चा बहुधा नव्या यंत्रणेच्या खरेदीपाशी सुरू होते आणि उद्घाटनापाशी संपते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातील सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्यांसाठी, एकसमान सॉफ्टवेअरची योजना मंजूर केली, हे चांगलेच झाले. परंतु अनेक नागरी आणि पगारदार पतसंस्थांत गावातल्याच एखाद्या जाणकाराने वीसेक वर्षांपूर्वी लिहून दिलेले सॉफ्टवेअर आजही रोज चालते. तो माणूस काम सोडून गेल्यावर ते कोणाच्या हाती आणि कोणत्या अवस्थेत पडते, याची विचारपूस कोणी करीत नाही. अशाच एका पतसंस्थेचे सॉफ्टवेअर मी एकट्याने सांभाळतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

वारशात काय मिळते ते सांगतो. मूळ लेखन व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग भाषेत आहे. ही आवृत्ती १९९८ ची असून मायक्रोसॉफ्टने तिच्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या विकासकांसाठीचे साहाय्य एप्रिल २००८ मध्ये थांबवले. माहिती फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीच्या तक्त्यांत साठवलेली आहे आणि त्यातला एक तक्ता २ जीबीच्या पुढे वाढू शकत नाही. सभासदांची नावे युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर चालणारी समान अक्षरप्रणाली येण्याआधीच्या) मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘पाटील’ऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गुंता दिसतो, त्यामुळे नाव शोधणे किंवा अकारविल्हे यादी काढणे दुरापास्त होते. सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, एका जुन्या संगणकावर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल मार्च’ अशा फोल्डरांत आहे, पण काउंटरवर प्रत्यक्षात यांपैकी कोणता चालतो, हे कोठेही लिहिलेले नाही. व्याजाचा एकच नियम बचत खात्याच्या पडद्यामागे, पिग्मीच्या (रोजच्या अल्पबचतीच्या) हिशेबात आणि वर्षअखेरीच्या अहवालात असा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिलेला आहे, आणि तिन्ही ठिकाणी उत्तर पैशांपर्यंत जुळेलच असे नाही.

एवढा पसारा पाहून आधीच्या माणसाला नावे ठेवण्याचा मोह होतो, पण ते न्याय्य नाही. त्याने एकट्याने, तुटपुंज्या मोबदल्यात, दर मार्चअखेरीला लेखापरीक्षकांच्या तगाद्याखाली हे काम केले, आणि संस्थेची तेरीज (जमा-नावे रकमांचा ताळा) इतकी वर्षे जुळत आली आहे. शिवाय जी गोष्ट गबाळेपणाची वाटते, तिच्यामागे पुष्कळदा एखादा विसरलेला नियम असतो. बचत ठेवीच्या हिशेबात महिन्याच्या १० तारखेनंतरचा भरणा त्या महिन्याच्या व्याजातून वगळणारी एक ओळ आहे. नव्याने येणाऱ्या कोणालाही ती उघड चूक वाटेल. काउंटरवर अनेक वर्षे काम केलेल्या वरिष्ठ लिपिक बाईंनी मात्र मी ती वाचून दाखवताच सांगितले, “सर, ती चूक नाही. पूर्वी बँकांतसुद्धा दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लकच धरायचे. संचालक मंडळाचा ठराव बदलल्याशिवाय त्याला हात लावू नका.” त्यांचे म्हणणे खरे होते. बँकांनी रोजच्या शिल्लकीवर व्याज देण्यास सुरुवात केली ती १ एप्रिल २०१० पासून, आणि आमच्या संस्थेचा ठराव त्याआधीचा होता. हे ज्ञान सोर्स कोडमध्ये कोठेही टिपलेले नव्हते, ते त्या बाईंकडे होते.

म्हणूनच नव्या विकासकाचे खरे सहकारी म्हणजे हे लिपिक, लेखापाल आणि पिग्मी प्रतिनिधी होत, असे माझे मत आहे. सुरुवातीला ते मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. संगणक आला की माणसे कमी होतात, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यातच नव्याने आलेला तरुण पहिल्याच बैठकीत ‘हे सगळे फेकून नवे लिहू’ असे म्हणाला, की उरलासुरला विश्वासही जातो.

सगळे नव्याने लिहिण्याचा सल्ला संचालकांनाही फार आवडतो, कारण नव्या वस्तूचे उद्घाटन करता येते. नेटस्केप या एकेकाळच्या आघाडीच्या ब्राउझर कंपनीने १९९८ मध्ये जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतले. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, सहावी नोव्हेंबर २००० मध्ये आली, आणि मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने बाजार काबीज केला. जुन्याला हातच लावू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग सर्व्हरवर तसाच राहू दिला होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरांवर पोहोचला, आठव्यावर तो जुना भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरांच्या आसपास फटका बसला. आमच्या पतसंस्थेत रकमा लहान असतील, परंतु पाच शाखांपैकी एका शाखेत जुनी फाइल राहून जाणे आम्हालाही नवे नाही.

ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) बदलला की दप्तर, नोंदवह्या आणि रोख शिल्लक यांची यादी होते आणि देणारा-घेणारा अशा दोघांच्या सह्या होतात. ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र अशी कार्यभार-यादी नसते. कायद्याची बाजूही संचालकांनी समजून घ्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. ती पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिली असेल आणि वेगळा करार नसेल, तर तिची प्रथम मालकी मालकाकडे असते. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतली असेल, तर लेखी हस्तांतरणाशिवाय कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. पैसे चुकते केले म्हणजे सॉफ्टवेअर आपले झाले, हा अनेक संस्थांचा समज त्यामुळे चुकीचा आहे.

सहकार खात्याने आणि लेखापरीक्षकांनी वार्षिक तपासणीत काही साध्या गोष्टी विचाराव्यात. सोर्स कोड संस्थेच्या ताब्यात आहे का, काउंटरवर चालणारे सॉफ्टवेअर त्याच कोडपासून तयार झालेले आहे का, पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे सीलबंद आहेत का, आणि या वर्षात बॅकअपवरून दुसऱ्या संगणकावर संपूर्ण हिशेब उभा करून पाहिला का? ‘बॅकअप रोज घेतो’ हे उत्तर यापुढे पुरेसे धरू नये. संस्थांनी जाणाऱ्या विकासकाला मानधन देऊन काही महिने सल्ल्यासाठी उपलब्ध ठेवावे, नव्या माणसाकडून पहिल्या तिमाहीत नव्या सोयींची अपेक्षा न धरता त्याला प्रत्येक शाखेच्या काउंटरवर बसवावे, आणि व्याज, दंड व कमिशनचे सर्व नियम ठरावाच्या क्रमांकासह एका वहीत उतरवून घ्यावेत. ही वही तयार करण्याचे काम निवृत्तीला आलेल्या लिपिकांकडे, वेगळे मानधन देऊन, येत्या मार्चअखेरीपूर्वीच सोपवता येईल.

आपला,
एक सॉफ्टवेअर विकासक, सांगली