फोरमनकाका, ट्रेतल्या त्या फटींसाठी मनापासून आभार

आदरणीय फोरमनकाका,
सादर नमस्कार.

चंद्रपूरच्या पाइपरॅकवरच्या (पाइप वाहणाऱ्या उंच सांगाड्यावरच्या) आपल्या केबल ट्रेने, म्हणजे केबल ठेवायच्या लोखंडी पन्हळीने, पहिला उन्हाळा काढला. परवा सगळी लाइन पायी फिरून पाहिली. ट्रेचे तुकडे जोडणारी एकही कपलर प्लेट वाकलेली नाही, एकाही सपोर्टचं वेल्डिंग तडकलेलं नाही. हे श्रेय तुमचं, आणि ते चारचौघांत सांगावंसं वाटलं.

ठेकेदाराला हँडओव्हरची घाई होती. "सगळे सांधे आवळा आणि मोकळे व्हा," असा त्याचा धोशा. तुम्ही बधला नाहीत. थंडीतल्या पहाटे लोखंड ८ अंशांवर आणि मे महिन्याच्या उन्हात ६५ अंशांवर, असा हिशेब तुम्ही धरलात. ५७ अंशांच्या या फरकात ३६ मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) ट्रे जवळपास २५ मिलिमीटर वाढतो. म्हणून दर ३६ मीटरवर एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे वाढायला फट ठेवलेला सांधा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ६०० मिलिमीटरच्या आत सपोर्ट.

सूत्र मला पाठ होतं. पण फट नेमकी किती ठेवायची हे हवेवर नाही, हात लावतोय त्या लोखंडावर ठरतं, हे तुम्ही दाखवलंत. थर्मामीटर थेट ट्रेच्या पट्टीला टेकवलात आणि खांबावर खडूने लिहिलंत: १५ अंशांना २२ मिलिमीटर, ५० अंशांना साडेसहा. सकाळची आणि दुपारची टोळी तेच बघून काम करत गेली. भर दुपारी २२ ची फट ठेवली असती, तर थंडीत ट्रे आकसून बोल्टवर ताण आला असता.

दोन जॉइंटच्या मधोमध एकच क्लॅम्प घट्ट, बाकी सगळीकडे ट्रेला लांबीत सरकू देणारे नुसते गाइड, यावरही तुम्ही ठाम राहिलात. दोन टोकांना जखडलेल्या ट्रेला फट असून काय उपयोग! जॉइंटवरची तांब्याची लवचीक अर्थिंग वेणी सैल ठेवायला लावलीत, केबलनाही तिथे थोडा झोल दिलात. घाईत हे हमखास राहून जातं.

पुढच्या युनिटला ॲल्युमिनियमचा ट्रे येतोय. तो लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतो, म्हणून ड्रॉइंगवर जॉइंट दर १८ मीटरवर घेतलेत आणि फटीचा तक्ताही जोडलाय. काम सुरू व्हायच्या आधी एकदा नजर टाकाल ना?

आपली,
साइटवरची ज्युनिअर इंजिनिअर