मानेचा हिशेब डकारपासून मांडा

महोदय,

फुटबॉलमधल्या आफ्रिकन फॉरवर्डबद्दल, म्हणजे आघाडीच्या खेळाडूबद्दल, आपल्याकडे छापून येतं ते बहुधा दोन आकड्यांवर उभं असतं : ट्रान्स्फरची, म्हणजे क्लब बदलताना मोजलेली, रक्कम आणि गोल. सेनेगलच्या सादियो मानेची कारकीर्द नीट पाहिली, तर नेमके हेच दोन आकडे किती गोष्टी झाकून टाकतात ते दिसतं.

आधी रक्कम. माने डकारच्या जेनेरेशन फूट अकादमीतून २०११ मध्ये फ्रान्सच्या मेट्झ क्लबात गेला. या अकादमीचा मेट्झशी जुना करार आहे, सेनेगलचाच फॉरवर्ड पापिस सिसेही त्याच वाटेने गेला होता. पुढे २०१२ मध्ये ऑस्ट्रियाचा साल्झबर्ग, २०१४ मध्ये साउदॅम्प्टन, २०१६ मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख पौंडांना लिव्हरपूल, २०२२ मध्ये बायर्न म्युनिक आणि २०२३ मध्ये सौदी अरेबियाचा अल नस्र.

करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, की फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार रकमेतले ५ टक्के बाजूला काढून त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. वयाच्या १२ ते १५ या चार हंगामांचे प्रत्येकी पाव टक्का, १६ ते २३ या आठ हंगामांचे प्रत्येकी अर्धा टक्का. बायर्नने मोजलेली मूळ रक्कम ३ कोटी २० लाख युरो सांगितली गेली. त्या हिशेबाने सोळाव्या वर्षानंतरचा एकेक हंगाम १ लाख ६० हजार युरोंचा होतो. साल्झबर्गला दोन हंगामांचे ३ लाख २० हजार. युरोपातल्या मोठ्या क्लबाला ही चिल्लर वाटेल, अकादमीच्या दृष्टीने मात्र रक्कम मोठी आहे.

आता २०१६ चा व्यवहार बघा. साउदॅम्प्टन आणि लिव्हरपूल, दोन्ही क्लब इंग्लंडचे. देशांतर्गत व्यवहाराला हा नियम तेव्हा लागूच नव्हता, त्यामुळे इतक्या मोठ्या रकमेतून या नियमाखाली डकारला एक पैसाही जाणार नव्हता. खेळाडूला घडवणारा क्लब परदेशी असेल तर देशांतर्गत ट्रान्स्फरमध्येही त्याला वाटा मिळावा, ही दुरुस्ती लागू झाली जुलै २०२० पासून. फार उशिरा झाली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नियम असूनही पैसे अडतात ते नोंदींमुळे. कोणत्या हंगामात मुलगा कोणत्या क्लबाकडे नोंदलेला होता हे ‘प्लेअर पासपोर्ट’मध्ये असावं लागतं. मुलगा तीन वर्षं मैदानावर घाम गाळतो, पण राष्ट्रीय संघटनेकडे नोंदणीच नसते, मग ती तीन वर्षं हिशेबात धरलीच जात नाहीत. २०२२ च्या अखेरीस हे वाटे क्लबांपर्यंत पोहोचवणारं फिफाचं क्लिअरिंग हाउस सुरू झालं. त्याआधी छोट्या क्लबाला स्वतःच ट्रान्स्फरवर लक्ष ठेवून मागणी करावी लागे. आणि करार संपल्यावर खेळाडू फुकट गेला, तर वाटायला रक्कमच उरत नाही.

दुसरा आकडा गोलांचा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मानेचे १११ गोल आहेत. १६ मे २०१५ ला ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याने २ मिनिटं ५६ सेकंदांत हॅटट्रिक केली, लीगमधल्या सर्वांत जलद हॅटट्रिकचा तो विक्रम सगळ्यांना पाठ असतो. पण लिव्हरपूलमध्ये पहिल्या हंगामात तो उजव्या बाजूने खेळला, २०१७ मध्ये उजवीकडे खेळणारा इजिप्तचा सालाह आल्यावर डावीकडे सरकला आणि २०२२ च्या सुरुवातीला डावीकडे खेळणारा लुईस दियास आल्यावर बऱ्याचदा मध्ये खेळू लागला. जागा बदलली की बॉल कोणत्या पायावर घ्यायचा, बचावपटूच्या कोणत्या खांद्यामागून धाव काढायची, सगळं बदलतं. डावीकडून खेळणारा उजव्या पायाचा फॉरवर्ड आत वळतो आणि बाहेरची मोकळी पट्टी रॉबर्टसनसारख्या फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, मिळते. ते काम गोलांच्या रकान्यात येत नाही.

त्याची सगळ्यात मोलाची किक तर त्या रकान्यात मुळीच नाही. ६ फेब्रुवारी २०२२, कॅमेरूनची राजधानी याउंदे, इजिप्तविरुद्ध आफ्रिकन नेशन्स कपची फायनल. सातव्या मिनिटाला सेनेगलला पेनल्टी मिळाली. सालाह इजिप्तचा गोलकीपर गबास्कीजवळ जाऊन काहीतरी सांगून आला, मानेने जोरात मारलं आणि गबास्कीने अडवलं. २०१७ च्या उपांत्यपूर्व फेरीत कॅमेरूनविरुद्धही शूटआउटमध्ये मानेचीच पेनल्टी हुकली होती. तरीही १२० मिनिटं बरोबरी राहून पेनल्टी शूटआउट झालं, तेव्हा पाचवी किक घ्यायला तोच आला आणि त्याने गोल केला. शूटआउट ४-२, सेनेगलचा पहिला नेशन्स कप. शूटआउटमधले गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत, म्हणून आकडेवारीत त्या रात्री मानेच्या नावापुढे शून्य आहे.

ट्रान्स्फरची बातमी देताना रकमेशेजारी आणखी दोन ओळी द्याव्यात, ही विनंती : व्यवहार देशांतर्गत आहे की देशाबाहेरचा, आणि १२ ते २३ या वयात खेळाडू कोणकोणत्या क्लबांकडे होता. दोन्ही गोष्टी ट्रान्स्फरच्या दिवशीच शोधता येतात.

आपले,
फुटबॉलचे नियमित वाचक