जुन्या गाडीच्या बिलावर सुट्या भागाची ओळख हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की घोडबंदर रस्त्यापासून ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत जवळपास प्रत्येक गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. खड्ड्यांनी सस्पेन्शन खिळखिळे झालेले असते, साचलेल्या पाण्यातून गेल्याने ब्रेक करकरत असतात, आणि त्या रांगेत दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाड्या बऱ्याच असतात. या गाड्यांना नेमका कोणता सुटा भाग बसवला गेला, हे मालकाला पुढे कधीही सिद्ध करता येईल अशी नोंद बहुतेक बिलांवर नसते. ही नोंद करणे अवघड नाही, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझी छोटी पेट्रोल गाडी २००९ सालची आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२४ मध्ये ठाण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणी करून, पाच हजार रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरून, तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. नवी गाडी परवडत नाही हे एक कारण होतेच, पण इंजिन आजही निकोप असताना चांगली चालणारी वस्तू भंगारात घालणे मनाला पटत नव्हते. त्यानंतर काही महिन्यांनी पुढचे ब्रेक पॅड बदलले. खोक्यावर नामांकित कंपनीची छपाई, चकाकता होलोग्राम, पार्ट नंबर, छापील किंमत, सारे काही होते. बिलावर मात्र ‘ब्रेक पॅड, १ सेट’ एवढेच शब्द होते.

गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर चालली असेल, तोच गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. मागच्या आसनावर माझी नात बसली होती. सावकाश गाडी कडेला घेतली आणि तशीच रखडत गॅरेजपर्यंत आणली. मेस्त्रीने चाक उतरवले तेव्हा एका पॅडच्या घर्षणथराचा निम्मा भाग पाठीमागच्या लोखंडी पट्टीवरून सुटून पडलेला होता आणि उघडी पट्टी थेट चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासत होती. डिस्कवर बोट फिरवले तर नख अडकेल इतके खोल चरे पडले होते. रिमच्या आतल्या बाजूला तांबूस काळी भुकटी साचली होती. त्या पट्टीवर उत्पादकाचे नाव नव्हते आणि बॅच क्रमांकही नव्हता. शेजारच्या बाकावर दुसऱ्या गाडीचे उतरवलेले पॅड पडले होते. ते पूर्ण झिजलेले असूनही त्यांच्या पट्टीवर दोन्ही गोष्टी स्पष्ट वाचता येत होत्या.

मेस्त्रीला मी दोष देत नाही. “साहेब, खोकं मीही बघूनच आणलं होतं,” असे म्हणताना त्याचा चेहरा उतरला होता, आणि दुसऱ्या वेळची मजुरी त्याने घेतली नाही. पॅड विकणाऱ्या दुकानदाराने मात्र हात वर केले. हे पॅड आपल्याकडचेच कशावरून, असे त्याने विचारले आणि त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. नवे पॅड, डिस्कची जोडी आणि वाया गेलेले दिवस हा सारा भुर्दंड आम्हा दोघांनाच सोसावा लागला.

ब्रेक पॅडचा घर्षणथर लोखंडी पट्टीवर विशिष्ट चिकटद्रव्याने, उष्णता आणि दाब देऊन पक्का केलेला असतो. ही प्रक्रिया नीट झाली नाही किंवा पट्टी गंजलेली असतानाच थर चिकटवला, तर सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही; पण उतारावर किंवा गर्दीत वारंवार ब्रेक मारून पॅड तापले की तो सांधा सुटतो. ब्रेक ऑइलचेही तसेच आहे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणजे ब्रेक तापल्यावर ते लवकर उकळते आणि ब्रेकचा जोर जातो. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलसाठी ही मर्यादा किमान २३० अंश सेल्सिअस असते, तर ओलावा शोषल्यानंतरच्या चाचणीत ती १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हे ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलणे आणि ते सीलबंद डब्यातले असणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे. उघड्या कॅनमधले उरलेले ऑइल ओतून वेळ मारून नेणारी गॅरेजे मी पाहिली आहेत. चाकातला ब्रेकचा ड्रम उघडल्यावर हवा मारून आतली धूळ उडवण्याची सवयही सोडायला हवी, कारण निनावी ब्रेक लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक असे अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते आणि ती धूळ गॅरेजमधल्या कोवळ्या पोरांच्या छातीत जाते.

याचा अर्थ प्रत्येक वेळी गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलाच महागडा भाग घ्यावा, असा नाही. गाडी बनवणारी कंपनी बेअरिंग, क्लच प्लेट, फिल्टर, ब्रेक पॅड यांपैकी बऱ्याच वस्तू स्वतः बनवत नाही. त्या पुरवठादार कंपन्यांकडून घेते, आणि यांपैकी अनेक पुरवठादार आपल्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातही सुटे भाग विकतात. तो भाग पुष्कळदा स्वस्त पडतो आणि निर्धास्तपणे घेण्यासारखा असतो. काही वस्तू तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या आणल्या तरी बिघडत नाही. दाराची काच, आरशाचे कवच, हँडल, आसनाची पट्टी यांना काय होणार? पण ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे, टायर, टायमिंग बेल्ट आणि रबराच्या नळ्या जुन्या किंवा निनावी घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. रबर वयानेही कडक होते आणि त्याला तडे जातात, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. टायरच्या कडेवरच्या मजकुरात शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एवढे वाचून घेतले तरी ‘नवा’ म्हणून विकला जाणारा जुना टायर ओळखता येतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. पाकीटबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन (वजन-मापविषयक) नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने वापरणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा असून त्याला सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे सदोष वस्तूच्या नुकसानीबद्दल उत्पादकाबरोबरच काही परिस्थितीत विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. परंतु ग्राहक आयोगापुढे उभे राहायचे तर हातात पुरावा लागतो, आणि ‘ब्रेक पॅड, १ सेट’ हा पुरावा होत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, ठाणे आणि नवी मुंबईतील गॅरेजचालकांनी निदान ब्रेक, स्टीअरिंग आणि सस्पेन्शनच्या कामात बिलावर उत्पादकाचे नाव, पार्ट नंबर आणि असल्यास बॅच क्रमांक लिहावा आणि उतरवलेला जुना भाग व नव्याचे रिकामे खोके ग्राहकाला द्यावे. दुकानदारांनीही गॅरेजला माल देताना तेच लिहून द्यावे, म्हणजे साखळी तुटणार नाही. वैधमापन शास्त्र यंत्रणेने सुट्या भागांच्या दुकानांची तपासणी पावसाळ्यानंतरच्या या गर्दीच्या दिवसांत करावी, कारण खोटा माल याच दिवसांत खपतो. आणि ठाणे व नवी मुंबई येथील परिवहन कार्यालयांना विनंती की, पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी वाढवताना दिवे, हॉर्न आणि ब्रेक तपासले जातात, त्याच वेळी ब्रेकच्या शेवटच्या कामाचे असे तपशीलवार बिलही मालकाकडे मागावे. २०२९ मध्ये माझी गाडी पुन्हा तिथे उभी राहील, तेव्हा ते दाखवण्याची माझी तयारी आहे. माझ्या मेस्त्रीने तर आतापासूनच खोक्याची पार्ट नंबर असलेली बाजू कापून बिलाला टाचून द्यायला सुरुवात केली आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
मानपाडा, ठाणे (पश्चिम)