वकीलताई, तुमची ती वही अजून चालू आहे

वकीलताई, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही लगेच "ते राहू दे रे, पुढची तारीख सांग" म्हणता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आम्ही मालवण तालुक्यातले रापणकार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे होडीतून जाळं अर्धगोल सोडत न्यायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, चाळीस पन्नास माणसं लागतात आणि जो दोरीला हात लावतो त्याला वाटा मिळतो. म्हणजे मासळी किनाऱ्याजवळ आली तरच आमची चूल पेटते. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने थवा घेरून ते खालून आवळणारे, आणि रात्री समुद्रात एलईडीचे दिवे लावून मासळी गोळा करणारे बाहेरच्या बाहेर बांगड्याचा अख्खा थवा उचलतात, मग आम्ही ओढून ओढून काय आणणार?

एका रात्री आमच्या पोरांनी अशीच एक बोट घेरली ती चूकच झाली, पण कितीतरी रात्री फोन करून कोणी आलं नव्हतं त्याचा राग होता तो. बोट गेली निघून आणि गुन्हा लागला आमच्याच 11 पोरांवर, त्यातला एक माझा धाकटा भाऊ. तेव्हा कोणीतरी तुमचा नंबर दिला, ना ओळख ना काही, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीने आलात, ओरोसच्या जिल्हा कोर्टात उभ्या राहिलात, अकराही जणांना जामीन मिळवून दिलात, आणि फीचं विचारलं तर म्हणालात झेरॉक्सचे तेवढे द्या.

तिथेच थांबला असतात तरी आम्ही जन्मभर नाव काढलं असतं. पण तुम्ही परत आलात, देवळात सगळ्यांना बसवलंत आणि 5 फेब्रुवारी 2016 चा शासनाचा आदेश ओळ न ओळ वाचून दाखवलात, की पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर परवानगी आहे, एलईडीवर तर केंद्राने 2017 लाच बंदी घातलीय, किनाऱ्यापासून 12 सागरी मैल म्हणजे साधारण 22 किलोमीटर राज्याचा कायदा चालतो, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर एलईडीला 5 ते 20 लाख दंड आहे. आम्हाला यातलं अर्धंमुर्धं ऐकून माहीत होतं, पण कागद हातात कोणी दिला नव्हता. बाबा त्या रात्री घरी येऊन म्हणाले, "ह्या बायेन माका माझोच समुद्र कागदार दाखवल्यान."

आणि मग ती वही. सहा रकाने तुम्ही स्वतः आखून दिलेत, तारीख, वेळ, जीपीएसचा आकडा, बोटीचा नंबर, फोटो कोणी काढला, कोणाला कळवलं. बोट अडवायची नाही, हात लावायचा नाही, फक्त लिहायचं. पोरं आधी चिडली, लिहून काय होतंय म्हणाली, पण त्याच वहीवरून तुम्ही तक्रार केलीत, माहिती अधिकारात परवान्यांची यादी मागवलीत, आणि सुनावणीत आमचा जीपीएसचा आकडा खोडता आला नाही कोणाला. बोटीला दंड झाला. मारामारी न करता झाला, हे गावात पहिल्यांदाच.

एक गोष्ट तेव्हा खूप लागली होती ती पण लिहितो. तुम्ही आमच्याच टोपलीतले बोटभर सरंगे, म्हणजे पापलेटची पिल्लं, उचलून विचारलंत, हे काय आहे? 2023 पासून 54 जातींना किमान आकार ठरलाय, सरंग्याला 135 मिलिमीटर, आणि तुम्ही हेच विकणार असाल तर मी कोणत्या तोंडाने तुमच्या बाजूने उभी राहू? कोणी बोललं नाही. पण त्यानंतर आमच्या संघाने बारीक आसाचं (भोकांचं) जाळं बंद केलंय आणि जिवंत पिल्लं परत सोडतो. सगळे नाही ऐकत अजून, खोटं कशाला सांगू.

आई वेगळेच आभार मानते. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, 1987 चा कायदा आहे, हे तुम्ही मासळी विकणाऱ्या बायकांना बाजारात बसून सांगितलंत. त्यातल्या दोघी त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आल्या, एकीची घराच्या हिश्शाची केस चालू झालीय. त्याच दिवशी आईने तुमच्या पिशवीत बांगडे टाकले तर तुम्ही घेईनात, म्हणालात "मी गिऱ्हाईक आहे, भाव सांगा", आणि वर घासाघीस पण केलीत! आई अजून सांगत असते सगळ्यांना, की ह्या बाईने माझ्या पोराची केस फुकट लढवली पण माझे मासे फुकट नाही नेले.

आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय 2025 च्या ऑगस्टपासून, म्हणजे तुमची ती मुंबईची रात्रभराची फेरी वाचेल, हे ऐकून आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त आनंद झाला.

पहिली वही भरली ताई. दुसरी आणलीय, भावानेच रकाने आखलेत, तुमच्यासारखेच सहा.