मुलांना गप्प करू नका

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नाताळच्या सुट्टीत नगरला आलो की मुलं तुम्हाला स्वर्गाबद्दल विचारणार आहेत. आजी गेल्यापासून रोज रात्री प्रार्थनेनंतर आमच्याकडे हाच विषय निघतो. तेव्हा त्यांना गप्प करू नका, एवढं सांगायला हे पत्र. आई, मरणाचा विषय निघाला की 'असलं अभद्र बोलू नये' हे तुझ्या तोंडून लगेच निघतं. या वेळी नको म्हणूस.

मातीच्या दिवशी कोणीतरी धाकट्याला सांगितलं, पणजी झोपलीय. त्यानंतर तो रात्री दिवा मालवू देईना. मग मी त्याला लाजराची गोष्ट वाचून दाखवली. आपला मित्र झोपलाय असं येशू आधी म्हणतो. शिष्यांना वाटतं, झोप लागली म्हणजे बरा होईल. तेव्हा तो उघडच सांगतो की लाजर मेला आहे. आणि आता याला उठवायचंय हे ठाऊक असूनही तो त्याच्यासाठी रडतो. मीही धाकट्याला सरळ सांगितलं: पणजी मेली, तिचं शरीर कबरीत आहे, ती प्रभूजवळ आहे, आणि एक दिवस प्रभू तिला उठवणार आहे. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "उठल्यावर तिचा गुडघा दुखेल?"

आई, त्याला ती जिना चढताना कठडा धरून थांबायची ते आठवत होतं. मी म्हटलं, नाही दुखणार. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, हातपाय दाखवले. म्हणजे आपल्यालाही खरंखुरं शरीर असेल, आणि शोक, रडणं, कष्ट राहणार नाहीत असं प्रकटीकरणात लिहिलंय. स्वर्गीय नगरीतल्या सोन्याच्या रस्त्याचंही त्याने विचारलं. योहानाला दिसलेला तो दृष्टान्त आहे, असं मी सांगितलं. मला स्वतःला त्या नगरीच्या बारा वेशी जास्त भावतात. तिथे रात्रच नाही, म्हणून त्या कधी बंद होत नाहीत.

आपल्या अंगणातला कुत्रा स्वर्गात असेल का, याचं मात्र मी काही ठरवून सांगितलं नाही. चिमणीसुद्धा पित्यावाचून जमिनीवर पडत नाही, इतकंच सांगितलं. त्याला ते पुरलं.

थोरलीचा प्रश्न अवघड होता. बाबा, तो तुमच्यासाठीच आहे. ती म्हणाली, "पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांचे आईवडील तर आधीच वारले होते. मग ते कुठे आहेत?" नगरला मिशन 1831 सालीच आलं, पण आपल्या गावापर्यंत शुभवर्तमान पोचायला किती पिढ्या गेल्या! त्या माणसांनी येशूचं नावही ऐकलं नव्हतं. आणि तिच्या मनात नुसते पूर्वज नाहीत. शेजारच्या मैत्रिणीची आजी तिला दर होळीला हाताला धरून पुरणपोळी खायला बसवते. त्या आजीचं काय होणार, हे कोणीतरी तिला फटकन सांगून टाकलं होतं. ती रडतच घरी आली.

मी तिला खोटा दिलासा दिला नाही. येशूवाचून पित्याकडे कोणी येत नाही, हे वचन तिला पाठच आहे. पण येशू कोणाला कसं आणील, हे ठरवायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. आम्ही दोघींनी सदोम नगराचा नाश होऊ नये म्हणून देवाकडे गयावया करणारा अब्राहाम वाचला. सगळ्या जगाचा न्याय करणारा न्यायानेच वागेल ना, असं तो देवालाच विचारतो आणि देव त्याच्यावर रागावत नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला तर शेवटच्या घटकेला सुखलोकात जागा मिळाली. माझा भरवसा इथेच आहे. तुम्ही इतकी वर्षं मंडळीत वचन सांगितलंत, तिला तुमच्याकडूनही ऐकू दे.

आणखी एक. 'तुम्ही आमच्याआधी जाणार का?' हे ती दोघं विचारतीलच. 'अजून शंभर वर्षं आहोत' म्हणून ते हसण्यावारी नेऊ नका. बाबा, बायपासच्या आदल्या रात्री तुम्ही काय प्रार्थना केली, ते तुम्ही मलाही कधी सांगितलं नाहीत. त्यांना सांगा. आई, तू कोणाला भेटायची वाट पाहतेस, ते सांग. त्यांना माझ्या सांगण्यापेक्षा तुमचं ऐकायचंय, आणि मलाही.

आम्ही 23 तारखेला सकाळच्या एसटीने निघतोय. करंज्या एकटीने करायला बसू नकोस, मी आल्यावर करू.

तुमची लेक